भैरूच्या नावाची ढाल

चिंचवड स्टेशनच्या पलीकडल्या माळावर दर साली संक्रांत झाली की फुटबॉलचे सामने भरायचे. हे सामने भरवतो कोण म्हणून विचारलं, तर तळेगावापासून खडकीपर्यंत कुणीही एकच नाव सांगायचं – निघोज्याचा रंगराव. लोक म्हणायचे, दोस्ती करावी तर रंगरावासारखी. माणूस गेला की लोक तेरावं जेवतात आणि आपापल्या कामाला लागतात. या गड्यानं दोस्ताच्या नावानं ढाल काढली, गावोगावचे क्लब गोळा केले आणि दर वर्षी भैरूचं नाव हजारांच्या कानांवर घातलं. असं कुणी तोंडावर बोललं की रंगराव मान खाली घालायचा. लोकांना तो विनय वाटायचा. विनय नव्हता तो.

रंगरावाच्या घरची इंद्रायणीकाठी थोडी जिराईत जमीन होती, ती थोरला भाऊ कसायचा. मोठ्या लढाईच्या दिवसांत देहूरोडला लष्कराचा डेपो उभा राहिला, तेव्हा मिसरूड फुटलेला रंगराव तिथं हमालीला लागला. सायकल खांद्यावर घेऊन नदी उतरायची आणि तळवड्यावरून डेपो गाठायचा, असा रोजचा रस्ता. संध्याकाळी गोरे सोल्जर फुटबॉल खेळायचे. रंगराव कुंपणाबाहेर उभा राहून बघायचा. चेंडू बाहेर आला की हातानं न टाकता लाथेनंच परत धाडायचा. एकदा त्यांचा गडी कमी पडला, म्हणून त्यांनी यालाच आत बोलावलं. पुढं गोरे गेले, पण खेळ इथंच राहिला. स्वराज्य आल्यावर रंगरावानं निघोजे, तळवडे, चिखली इथली डेपोत जाणारी पोरं जमवली आणि 'इंद्रायणी क्लब' काढला. स्वतः तो हाफबॅक खेळायचा, कप्तानही तोच.

त्या पोरांतलं सोनं म्हणजे भैरू. गोजाबाईचा एकुलता एक मुलगा. गोजाबाई लवकर विधवा झालेली, गावची सुईण. निघोज्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्माला आली होती, रंगरावसुद्धा. भैरूला डेपोत चिकटवला तो रंगरावानं, आणि खेळायला शिकवलं तेही त्यानंच. डाव्या बाजूनं भैरू सुटला की रानात ससा उठल्यासारखा जायचा, दिसेपर्यंत लांब गेलेला असायचा. डेपोच्या पहिल्या दिवशी रंगराव त्याला सायकलवर पुढं बसवून निघाला, तेव्हा गोजाबाई दारात येऊन म्हणाली होती, "रंगा, तुझ्या हवाली केलाय बरं का."

"काकी, माझा धाकटा भाऊच समजतो त्याला," रंगराव म्हणाला होता, आणि ते खरंही होतं.

एकावन्न साली खडकीच्या मैदानावरच्या चषकात इंद्रायणी क्लब पहिल्यांदा फायनलला पोहोचला. एरवी पहिल्याच फेरीत मार खाऊन, उसाची कांडी चघळत पोरं परत यायची. त्या साली भैरूनं कॉलेजवाल्यांना लोळवलं, रेल्वेवाल्यांना लोळवलं. आता समोर पलटणीचा संघ होता, सगळे बुटांतले. इंद्रायणीचे निम्मे गडी अनवाणी.

फायनल रविवारी होती. शुक्रवारी सराव संपल्यावर भैरू मैदानाकडेच्या फळ्या उचलून ठेवत होता. डेपोतल्या मोडक्या पेट्यांच्या त्या फळ्या, बसायला टाकलेल्या. एका फळीचा गंजका खिळा त्याच्या तळव्यात घुसला. त्यानं तो उपसून काढला. रक्त फारसं आलं नाही. घरी गेल्यावर गोजाबाईनं जखमेत चुलीतली राख भरली आणि वरून फडकं बांधलं. त्या काळी घरोघर हेच करत.

शनिवारी सकाळी डेपोच्या फाटकाशी भैरू रंगरावाला गाठून म्हणाला, "दादा, डेपोतला कंपाउंडर म्हनतोय, खिळा गंजका व्हता, आजच्या आज धनुर्वाताची सुई घे. दुपारची रजा काढून खडकीच्या दवाखान्यात जाऊन येतो."

रंगरावाच्या डोळ्यांसमोर दत्तोबा आला. दत्तोबा त्यांचा फुलबॅक. पावसाळ्यात पायात काच गेली म्हणून त्यानं तीच सुई घेतली होती, तर अंगावर गांधी उठल्या, ताप भरला, आणि गडी तीन दिवस घोंगडीत. भैरूला तसं झालं तर? भैरूशिवाय फायनल म्हणजे बिनबैलाचं औत.

"पळता येतंय का?" त्यानं विचारलं.

"पळंन की. दुखतंय जरासं."

"मग सोमवारी घे सुई. आज घेतलीस तर उद्या अंथरुणात पडशील. एवढ्या वर्षांनी फायनल आलीय भैरू. एका दिवसानं काय होतंय?"

भैरूनं पायाकडं बघितलं. "बरं दादा," तो म्हणाला, आणि कामाला निघून गेला.

रविवारी पलटणीच्या गड्यांनी पहिला गोल केला. मग दत्तोबानं मारलेला लांब चेंडू डाव्या बाजूला पडला, आणि भैरू त्या फडकं बांधलेल्या पायानं असा धावला की बुटांतले दोघं एकमेकांवर आदळले. बरोबरी झाली. शेवटची शिट्टी वाजायला आली असताना भैरूनं दुसराही घातला. खडकीच्या त्या मैदानात शेतकऱ्यांच्या पोरांना गोऱ्यांच्या काळापासून कुणी विचारत नव्हतं. त्या दिवशी पलटणीच्या सुभेदारानं भैरूला खांद्यावर घेतलं. परतीला खडीच्या ट्रकमधून गुलाल उधळत मिरवणूक आली. भैरूच्या पायाचं फडकं गुलालानं लाल झालं होतं.

सोमवारी रंगरावाला आठवण झाली. पोरं भैरूभोवती जमलेली होती, हसणं-खिदळणं चाललं होतं. रंगराव लांबूनच ओरडला, "काय रे, सुई घ्यायची का आता चषकच टोचून घेतोस?"

"वाळली जखम दादा," भैरूही हसतच ओरडला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी भैरूला भाकरी चावेना. दाढ दुखत असेल म्हणून गोजाबाईनं लवंग दिली. दुपारपर्यंत जबडा बसला, मान ताठली. रंगरावानं डेपोतली गाडी मिळवली आणि त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर आले, पाय बघितला, तोंड बघितलं.

"जखम कधीची? इंजेक्शन का नाही घेतलं?"

खाटेच्या एका बाजूला गोजाबाई होती, दुसऱ्या बाजूला रंगराव. रंगरावानं तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आत गोजाबाईच बोलली, "म्या राख लावली व्हती, डागदर."

"राख!" डॉक्टर कडाडले. "राख लावायची, माती लावायची, आणि मग पोरं आमच्या दारात आणून टाकायची. आई आहात का वैरीण?"

गोजाबाईनं पदर तोंडात धरला. रंगरावानं उघडलेलं तोंड मिटलं. आत्ता नको, त्यानं स्वतःला सांगितलं. आत्ता पोराचा जीव वाचणं महत्त्वाचं, हे नंतर सांगता येईल. भैरूच्या अंगाला झटके येत होते, अंग धनुष्यासारखं वाकत होतं. जीभ चालत नव्हती, पण डोळे शुद्धीवर होते. ते डोळे दोघांवरून फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी तो गेला. खिळा लागल्यावर धनुर्वाताची सुई घ्यायची ठरली होती आणि कुणी ती लांबवली, हे सांगणारा आता एकच माणूस उरला होता.

भैरूच्या दहाव्याला सगळा क्लब घाटावर आला होता. पिंडाला कावळा शिवत नव्हता. गोजाबाई लांब बसली होती. पोरं एकेक करून शब्द देत होती – ह्यांव करू, त्यांव करू. रंगराव पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "भैरू, तुझ्या नावानं सामने भरवीन. जिवात जीव हाय तवर भरवीन." कावळा शिवला. लोकांच्या अंगावर काटा आला. रंगराव खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मनातून तो वेगळंच बोलायला पुढं झाला होता, आणि ऐनवेळी तोंडातून हे निघालं, हे कुणाला कळणार?

चिंचवडचे दौलतराव खडीचे ठेकेदार, मोठ्या हौसेचे. स्टेशनपलीकडचा आपला माळ त्यांनी मैदानाला दिला, मांडवही घातला. चिंचवडच्या तांबटाकडून ढाल करून घेतली. बावन्न साली पहिल्यांदा सामने भरले, तेव्हा आठ क्लब आले. ढाल द्यायला गोजाबाईला आणलं. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, कोरलेल्या अक्षरांवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "रंगा, यात माजा भैरू कुठं लिवलाय रं?"

रंगरावानं तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. बोट बराच वेळ तिथंच राहिलं.

"पोरा," ती म्हणाली, "पोटचं गेलं, पर तू नाव ठिवलंस."

त्या दिवसानंतर रंगरावानं चेंडूला पाय लावला नाही. गुडघा दुखतो म्हणायचा. पण सामन्यांसाठी तो राब राब राबायचा. फक्कीच्या रेघा त्याच्याच हातच्या. गोलाचे बांबू तोच रोवायचा. आणि प्रत्येक सामन्याआधी अख्खं मैदान वाकून, हातानं चाचपत फिरायचा. काच, तार, खिळा, जे सापडेल ते वेचायचा. लोक म्हणायचे, भक्ती म्हणतात ती ही.

गोजाबाईच्या घराकडंही त्याचं लक्ष असायचं. पावसाआधी छप्पर शाकारून द्यायचा, सुगीत धान्य पोचवायचा. पण तिच्या उंबऱ्याच्या आत बसायचा नाही. चहा घे म्हटलं की त्याला कुठंतरी जायचं असायचं. त्रेपन्न साली त्याची बायको मंजुळाबाई बाळंत व्हायची होती. कळा सुरू झाल्या तेव्हा रंगरावाची आई गोजाबाईला बोलवायला गेली. गोजाबाई दारातूनच म्हणाली, "मला नका नेऊ. माजा हात नका लावू लेकराला." कितीही विनवलं तरी ती हलली नाही. शेवटी चाकणहून दुसरी सुईण आणली. मुलगा झाला, पण मंजुळाबाईची दशा दशा झाली.

गावात बोललं गेलं, एकुलता एक गेला म्हणून बाईचं मन उडालं. तिला कळलंय, असं रंगरावानं मात्र धरून घेतलं. भैरूनं तिला शनिवारीच सांगितलं असेल. ती जाणून आहे, म्हणून माझ्या लेकराला हात लावत नाही. महिनाभर तो तिच्या आळीतून गेला नाही. पुढं ढाल द्यायच्या दिवशी ती नेहमीसारखीच आली, नेहमीसारखंच बोलली, तेव्हा त्याची भीती गेली. आणि भीती गेली म्हणून बरं वाटलं, याची लाज मागं राहिली.

सामने वाढत चालले. चोपन्न साली पिंपरी कॅम्पातल्या सिंधी निर्वासितांच्या पोरांनी ढाल नेली, तेव्हा त्यांच्या बायका मोठमोठी पातेली घेऊन मैदानात आल्या आणि त्यांनी सगळ्यांना गोड शिरा वाटला. पुढच्या साली पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना सुरू झाला. त्यांचा संघ आला, त्यांची निळी बनियनं आली. रंगरावालाही त्या कारखान्यात काम मिळालं. मुलाला पुढं शाळा जवळ पडेल म्हणून त्यानं निघोजे सोडलं आणि तो कारखान्याच्या कॉलनीत राहायला आला. खरं कारण मंजुळाबाईलाही ठाऊक नव्हतं. सकाळी नदीवर जाताना गोजाबाईचं दार लागायचं, ते टळलं.

छप्पन्नला दौंड आणि लोणावळ्याचे संघ आले. सत्तावन्नला मैदानाभोवती बैलगाड्यांची रांग स्टेशनापर्यंत गेली. दौलतराव भाषण करायचे, रंगरावाच्या गळ्यात हार घालायचे, आणि "मित्रप्रेम" हा शब्द दर वर्षी एकदा तरी यायचाच. रंगराव हार लगेच काढून टाकायचा. कारखान्यात मोठे अधिकारी हाताखालच्या लोकांना सांगायचे, खेळाडूवृत्ती शिकायची तर त्या रंगरावाकडून शिका. ढालीवर सालं आणि क्लबांची नावं चढत गेली, आणि ते ओझं उचलता उचलता रंगरावाची पाठ वाकत गेली.

अठ्ठावन्न साली सेमीफायनलला चाकणचा संघ होता. त्यांचा गोलकीपर ज्योतीराम म्हणजे भिंत. सामना सुरू व्हायच्या आधी जाळीला बांधलेल्या तारेनं त्याचा तळहात फाटला. त्यानं रुमाल गुंडाळला आणि निघाला गोलात उभा राहायला. रंगराव आडवा आला.

"सुई घेतल्याबिगर खेळायचं न्हाई."

"खेळून झाल्यावर घेतो की राव," ज्योतीराम म्हणाला. "तासाभरानं काय होतंय?"

रंगरावानं ज्योतीरामाचं मनगट धरलं आणि सोडेना. चाकणवाले धावून आले, शिव्यागाळी झाली, कुणीतरी त्याला ढकललं. दौलतरावांनी बाजूला घेऊन समजावलं, "अहो, एवढं काय त्यात? चाकणच्या लोकांनी गाड्या भरून माणसं आणलीत. दंगा होईल." रंगरावानं ऐकलं नाही. शेवटी कारखान्याच्या गाडीतून ज्योतीरामाला दवाखान्यात धाडला. चाकणनं दुसरा गडी गोलात उभा केला आणि सामना हरला. जाताना त्यांच्यातला एक जण रंगरावाच्या अंगावर थुंकला.

गोजाबाई मांडवात बसून हे बघत होती. गर्दी पांगल्यावर तिनं रंगरावाला जवळ बोलावलं.

"ब्येस केलंस रंगा," ती म्हणाली. "माज्या भैरूला असं कुनी आडवलं असतं तर... पर आडवनार कोन? घरातच वैरीन बसली व्हती." तिनं आपले दोन्ही तळहात पुढं धरले, जणू ते दुसऱ्याचेच होते. "ह्याच हातानं राख भरली. डागदर खोटं न्हाई बोलला. तवापासनं म्या कुना बाळंतिनीला हात लावला न्हाई. तुज्या मंजुळीलासुदिक न्हाई लावला, म्हटलं, माज्या हातात इख हाय. डोळा लागला की भैरू दिसतो, राख पुसतो आन् माज्याकडं बगतो. सात वर्सं झाली, म्या धड निजले न्हाई."

रंगराव तिच्यासमोर उभा होता. डॉक्टर बोलले ते गावाकडची बाई कधीच विसरली असेल, असं त्यानं इतकी वर्षं स्वतःला सांगितलं होतं. सुईण घरात बसली, तिच्याविना गावातल्या किती बायकांचे हाल झाले, त्याच्याच बायकोचे झाले. याचं मूळ त्याच्या मिटलेल्या तोंडात होतं.

तिथं तो बोलला नाही. मांडवात लोक होते, दौलतराव हाका मारत होते. फायनल झाली, ढाल दिली गेली, हार घातला गेला. तो दिवसही त्यानं तसाच जाऊ दिला, आणि पुढं त्याला या गोष्टीचीच सगळ्यांत जास्त चीड यायची.

मंगळवारी कामावर न जाता तो निघोज्याला गेला. गोजाबाई अंगणात तूर पाखडत होती. तो जमिनीवर बसला.

"काकी, राखेनं न्हाई गेला भैरू," त्यानं सुरुवात केली.

"आता कशाला ते?"

"ऐक. कंपाउंडरनं त्याला सुई घ्यायला सांगितलं व्हतं. शनवारी तो खडकीला निघाला व्हता. म्या थांबवला. फायनल हाय म्हनून म्या थांबवला. सोमवारी घे म्हनालो. आन् सोमवारी हसन्यावारी नेलं."

सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"तो निघाला व्हता?"

"व्हय."

"त्याच्या मनानं?"

"व्हय काकी. रजा काढनार व्हता. मला इचारायला आला, आन् म्या..."

"मग तो काय म्हनाला?"

तिनं पुन्हा विचारलं.

"बरं दादा, म्हनाला."

गोजाबाईनं सूप खाली ठेवलं. कोंबड्या येऊन तूर टिपायला लागल्या, तरी तिनं हाकलल्या नाहीत.

"डागदरनं इचारलं तवा तू खाटंपाशीच व्हतास," ती शेवटी म्हणाली. "मला वैरीन म्हनाला, तवा तू ऐकलंस."

"ऐकलं."

"आन् म्या राख लावली नसती तर?"

"ते मला न्हाई ठावं काकी. राख वाईटच. पर सुई घेतली असती तर बहुतेक वाचला असता."

"म्हंजी दोगांनी मिळून मारला," ती म्हणाली. "पर शिक्षा एकटीनं भोगली." मग तिचा आवाज चढला. "पोराचा जीव घिऊन वर त्याच्या नावाचे हार घालून घेतलेस व्हय रं? दर साली मला गाडीत घालून नेलंस, बोट धरून नाव दाखवलंस! काढ. माज्या भैरूचं नाव काढ त्या ढालीवरनं. आन् माज्या दारात पुन्ना पाय ठिऊ नको."

रंगराव उठला. शेजारच्या घरातून कुणीतरी काय झालं म्हणून डोकावलं, तेव्हा गोजाबाई दाराला धरून मोठ्यानं रडत होती. भैरूच्या दिवसांतही तिला असं रडताना कुणी बघितलं नव्हतं.

दौलतरावांना सांगितलं तेव्हा ते आधी चकित झाले आणि मग संतापले. "कुणी विचारलं होतं का तुम्हाला? बाई बिचारी समाधानात होती, नाव राहिलं होतं, या पट्ट्यातल्या गावांची पोरं खेळत होती. सात वर्षं गप्प बसलात, आणखी गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"ती समाधानात नव्हती," रंगराव म्हणाला.

दत्तोबा कमिटीत होता. तो रंगरावाच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडं जाऊन बसला. नाव काढायचं ठरलं. तांबटानं त्या जागी पत्रा बसवला आणि त्यावर 'इंद्रायणी ढाल' असं कोरलं. रंगरावानं कमिटी सोडली. सोडली नसती तर काढलाच असता. गोष्ट दोन-चार दिवसांत सगळ्या पट्ट्यात पसरली. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याच्या पंगतीला बसणारे कमी झाले. आपल्यासमोर कुणी खेळाडूवृत्तीचं नाव काढत नाही, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यात त्याला अन्याय दिसला नाही.

मंजुळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा तिला स्वतःचं बाळंतपण आठवलं असावं, कारण आठ दिवस ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. नंतर एका रविवारी मुलाला घेऊन ती एकटीच निघोज्याला गेली. "तुमाला दार बंद हाय, मला न्हाई," एवढंच तिनं सांगितलं. मग ती महिन्या-दोन महिन्यांनी जायला लागली. जाताना रंगराव काही तरी बरोबर द्यायला बघायचा, ती घ्यायची नाही. "त्यांनी इचारलं, कुनी दिलं, तर म्या काय सांगू?"

श्रावणात मंजुळाबाई बातमी घेऊन आली. निघोज्यात एका सुनेचं मूल आडवं आलं होतं, नदीला पूर असल्यानं पलीकडं नेता येईना. गोजाबाई आपण होऊन गेली. आधी आधण ठेवून हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, विळा उकळून घेतला, आणि राखेचं मडकं घराबाहेर ठेवायला लावलं. दोघं जगली. रंगरावानं ऐकलं आणि तो उठून बाहेर गेला.

एकोणसाठ साली 'इंद्रायणी ढाली'चे सामने भरले. कारखान्यानं लाकडी बाकं दिली, रेफरी पुण्याहून आला. मैदान झाडायला कमिटीनं दोन गडी लावले होते. रंगराव पहाटे गेला, तेव्हा त्यांचं काम व्हायचं होतं. त्यानं नेहमीसारखं वाकून मैदान चाचपलं आणि कुणी यायच्या आत निघून गेला. दुपारी तो तिकीट काढून आलेल्यांच्या गर्दीत उभा राहून खेळ बघायला लागला. निघोज्याच्या नव्या पोरांचा संघ त्या साली पहिल्यांदाच उतरला होता. शेजारच्या एका तरुण कामगारानं विचारलं, "ही ढाल पूर्वी कुणाच्या तरी नावाची होती ना? ते नाव का काढलं?"

"माझ्यामुळं," रंगराव म्हणाला, आणि त्याला सगळं सांगितलं. तो पोरगा ऐकत राहिला, मग गर्दीतून वाट काढत दुसरीकडं जाऊन उभा राहिला.

पलीकडच्या बाजूला बैलगाडीत निघोज्याच्या बायका होत्या. त्यांच्यात गोजाबाई होती, मंजुळाबाई तिला खेटून बसली होती. यंदा तिला कुणी मांडवात बोलावलं नव्हतं, आणि तिनंही तिकडं बघितलं नाही. निघोज्याची पोरं चार गोलांनी हरली. एक गोल त्यांनी केला तेव्हा बायकांनी गाडीत उभं राहून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर मंजुळाबाईनं भाकऱ्या थापता थापता सांगितलं, "काकींनी निरोप दिलाय."

रंगराव दाराशीच थांबला.

"म्हनाल्या, त्याला सांग, म्या माफ केलेलं न्हाई. आन् करनारबी न्हाई. पर आता मला झोप लागती."

रंगरावानं मान हलवली. मंजुळाबाईनं ताट वाढलं आणि मुलाला हाक मारली. तिघं जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी रंगरावाची पहिली पाळी होती.